सहल डिसेंबरातच का काढायची?



'आमची सहल' या विषयावरचे निबंध आपण सगळ्यांनीच ढिगाने तपासले आहेत. सुरुवात ठरलेली असते. मध्ये कुठेतरी "निसर्गाच्या सान्निध्यात" येतं आणि शेवटी सहल कायम स्मरणात राहते. मुलं गाईडमधून पाठ करतात, आपण गुण देतो आणि पुढचा पेपर ओढतो. मीही तेच करत होते.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या सत्राच्या पेपरात तिसरीला पाच ओळी विचारल्या होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वॉटर पार्कच्या सहलीबद्दल लिहिलं. घसरगुंडी, आईस्क्रीम, गाडीतली गाणी, सगळं होतं. पाचपैकी चार गुण दिले. संध्याकाळी गुण रजिस्टरला चढवताना माझा हात थांबला. हा मुलगा त्या सहलीला आलाच नव्हता! सहल जानेवारीत गेली होती आणि जानेवारीत तो आई-वडिलांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर होता. इतर मुलांच्या गप्पांतून ऐकलेली सहल त्याने लिहिली होती. आणि मी, त्या सहलीची प्रमुख, ती वाचून चार गुण देऊन मोकळी झाले होते.

मग मागची हजेरी काढून बसले. आमची शाळा मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याच्या अलीकडे. भातकापणी आटोपली आणि दिवाळी झाली की आमच्या वाडीतली सात-आठ कुटुंबं भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काहींना आम्ही कसंबसं थांबवतो, पण बाकीची जातातच. आणि सहल? ती दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत. का, तर थंडी असते, परीक्षा नसते, सगळ्याच शाळांच्या तेव्हाच जातात. म्हणजे पहिलीपासून पाचवीपर्यंत शाळेच्या पटावर असलेलं मूल एकाही सहलीला न जाता प्राथमिक शाळा सोडू शकतं. आणि कोणी त्याला "तू येऊ नकोस" असं म्हटलेलंही नसतं.

त्यात खर्च. त्या वर्षीची वर्गणी माणशी अकराशे रुपये होती. जी मुलं गावात होती, त्यांतलीही पाच जणं पोटात दुखतंय म्हणून आली नाहीत. एकाच दिवशी पाच जणांच्या पोटात का दुखतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सहल कुठे न्यायची हे ठरवायच्या आधी ती कधी न्यायची हे ठरवा, आणि ते पटावरच्या शेवटच्या मुलाकडे बघून ठरवा. आमच्याकडे ती वेळ म्हणजे पाऊस थांबल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दोन-तीन आठवडे. एकदा वेळ ठरली की ठिकाण आपोआप जवळचं निघतं, कारण एवढ्या कमी दिवसांत लांबची गाडी, वर्गणी, आरक्षण जमत नाही. आम्हाला जवळ काय होतं? नाणेघाट.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया हशाची होती. एक पालक म्हणाले, "बाई, रोज उठून तोच डोंगर बघतो आम्ही. तो बघायला पोरांना गाडीत घालून न्यायचं?" दुसरे म्हणाले, "डोंगर चढायला शाळा कशाला पाहिजे, आमच्याबरोबर लाकडाला येतातच की." मला क्षणभर उत्तर सुचलं नाही, कारण ते खरंच होतं. पण मग एक आजोबा बोलले. त्यांची बहीण वर घाटघरला दिलेली. लहानपणी ते वडिलांबरोबर डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन त्याच वाटेने वर जात, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खाली उतरत. "आमची सोयरीक घाटावरची," म्हणाले, "एसटीनं फिरून जायचं म्हणजे अख्खा दिवस." सभेतल्या निम्म्या तरुण पालकांना हे माहीतच नव्हतं. ज्या वाटेने आजोबा सोयऱ्यांकडे जात होते, ती वाट नातवाने पाहिलेली नव्हती. डोंगर रोज बघणं आणि त्या वाटेने चालणं यात फरक आहे, हे त्या दिवशी मी नाही, आजोबांनी पटवलं.

परवानगीचे कागद, पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी हे सगळं झालं. ते तुम्हाला ठाऊकच आहे. खरी अडचण वेगळी होती. कापणीचे दिवस, सोबत यायला मोठी माणसं कुठली? शेवटी आम्ही दोघे शिक्षक, शेजारच्या शाळेतले एक सर, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, ते आजोबा आणि तीन पालक, असे आठ जण जमलो. तिसरी ते पाचवीची ३१ मुलं. त्या तीन वर्गांच्या पटावरचं एकही मूल घरी राहिलं नाही. (पाचवीची एक मुलगी तापातून उठलेली होती, तिला मीच नको म्हणत होते. ती आली, आणि सगळ्यांच्या पुढे चालली.)

सकाळची पहिली एसटी. अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन माणशी खर्च शंभराच्या आत. वाहकांनी एवढी पोरं बघून कपाळाला हात लावला, पण वैशाखरे गाव मागे पडल्यावर नाणेघाटच्या पाटीशी गाडी थांबवून मुलं मोजून उतरवली. डबे घरचे होते – तांदळाची भाकरी, सुकट, कोणाकडे लोणचं. मावशींनी चुरमुऱ्यांचं पोतं घेतलं होतं.

वाट सुरुवातीला सपाट रानातून जाते, मग ओढा लागतो, मग चढ. मोठी माणसं दोन-अडीच तासांत वर जातात, आम्हाला तीन तास लागले. वर जाता जाता दगड रचून बांधलेला भाग आणि पायऱ्या लागतात, तिथे मुलं आपोआप हळू झाली. "बाई, एवढे दगड कोणी लावले?" हा प्रश्न मी पुस्तकातून कधीच काढून घेऊ शकले नसते. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची बंदरं, वर जुन्नर ही मोठी बाजारपेठ. मधे सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीतून वर जायची ही वाट. राखणीला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले. नकाशात चार ठिपके दाखवून हे सांगता येतं. पण पाठीवर दप्तर आणि पाण्याची बाटली घेऊन घाम गाळत चढणाऱ्या मुलाला "आता तुझ्या जागी मिठाचं पोतं आहे असं समज" म्हटलं की व्यापार म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे लेणं आहे. सहावीच्या मुलांना सातवाहन वाचावे लागतात, आपल्यापैकी कितीजणांनी हे लेणं पाहिलं असेल? मीही डी.एड. होऊन बारा वर्षं झाली तरी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा बोट दाखवत नाही. आत मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका अशी नावं वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र आता नाहीत. कुठेकुठे पायांचे अवशेष तेवढे उरलेत. मुलांनी ते शोधून काढले आणि कितीतरी वेळ "राजा कुठला, राणी कुठली" याचा वाद घातला.

बाजूच्या भिंतींवर मोठा ब्राह्मी लेख आहे, तो राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. दोन हजार वर्षांहून जुना. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस तो पडला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांचा अभ्यास केला. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ती नोंद आहे. त्यात अंक आहेत! १,७०० गाई, १० हत्ती, चांदीचे १७ कुंभ. शिक्षकांनो, इथे थोडं थांबते, कारण स्थानिक किंमत शिकवताना आपण सगळेच घसा कोरडा करतो. त्या लेखात शून्य नाही. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा. पण दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. १७ लिहायचे तर दहाची खूण आणि तिच्यापुढे सातची. १,७०० लिहायचे तर हजाराची खूण, आणि शंभराच्या खुणेला जोडलेली सातची. मी या खुणांचे कागद आधीच काढून नेले होते. दहाची खूण माशासारखी दिसते असं मुलांचं मत पडलं, तेव्हापासून आमच्या वर्गात दहाला 'मासा' म्हणतात. भिंतीला हात लावायचा नाही, कागदावरच लिहायचं, एवढा नियम होता. एका मुलाने माझ्या कागदावरच्या खुणांतून १,०१७ लिहून दाखवले – हजार, मासा, सात. म्हणाला, "बाई, मधलं शून्य लिहायलाच नको!" मग परतल्यावर "पण रोजच्या बेरजेला हे चालेल का?" यावर दोन तास गेले. शून्याने आपलं काय काम सोपं केलं हे तिसरीच्या मुलांनी स्वतःहून सांगितलं. ते मी पाठ-टाचणात लिहिलं असतं तर केंद्रप्रमुखांनी अतिशयोक्ती समजून बाजूला ठेवलं असतं.

लेण्याच्या वर नळीतून गेलं की माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत आणि त्यावरून घाटाला हे नाव पडलं, असं सांगतात. इथे मी मुलांना दोन शब्द शिकवले : 'लिहिलेलं आहे' आणि 'सांगतात'. १,७०० गाई लिहिलेल्या आहेत. रांजणातली नाणी सांगतात. दोन्ही ऐकायचं, पण एकाच रांगेत बसवायचं नाही. समोर जीवधन, बाजूला नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका, आणि खाली आमचं कोकण. सोनकीची पिवळी फुलं अजून होती. मुलं आपली शाळा शोधत होती. ती दिसत नव्हती, पण प्रत्येकाला वेगवेगळ्या जागी दिसली.

आता तो मुलगा. चौथीत गेला होता, वाचन अडखळतच होतं. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "सरावाची गरज" असं दोन वर्षं लिहिलेलं होतं. वाटेवर तो आजोबांच्या बरोबरीने पुढे चालत होता. ऐन कुठला, हिरडा कुठला हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तोच इतरांना सांगत होता, आणि दोनदा मला. इथवर लिहिल्यावर तुम्हाला वाटेल की आता हा मुलगा वर्गात पहिला आला वगैरे सांगणार. तसं काही झालेलं नाही. परतल्यावरही तो अडखळतच वाचत होता. घाट चढल्याने जोडाक्षरं येत नाहीत. पण रांजणापाशी त्याने विचारलं, "टोल आमच्यासारख्यांकडून पण घ्यायचे का? डोक्यावर तांदूळ असला तर?" मला उत्तर माहीत नव्हतं. आजोबा हसून म्हणाले, "आमच्याकडून तर कोणी घेतला नाही बाबा." दोन हजार वर्षांचा इतिहास मी तयारी करून आले होते, आणि त्यातला कामाचा प्रश्न नेमका त्याला पडला.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते, कारण अशा लेखांत ती कोणी सांगत नाही. उतरताना मुलं सुटल्यासारखी पळतात. ओढ्यापाशी मोजली तर ३०. पुन्हा मोजली, तरी ३०. त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मलाच माहीत. चौथीतली एक मुलगी चप्पल तुटली म्हणून मागे बसली होती, आणि सगळ्यांत शेवटी चालायचे ठरलेले पालक फोटो काढण्यात पुढे निघून आले होते. मुलगी शांत होती, चप्पल दोरीने बांधत बसली होती. घाबरलो आम्हीच. चढताना मी चार-चारचे गट करून प्रत्येक टप्प्यावर मोजत होते. उतरताना 'आता काय, झालंच' म्हणून ते सोडलं. ते सोडू नका. मोजणी उतरताना जास्त लागते. शेवटचा माणूस ठरवायचा आणि त्याच्या हातून मोबाईल काढून घ्यायचा.

"काही झालं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न पालक विचारणारच, आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. माझं उत्तर असं की जबाबदार मीच, म्हणून पावसात नेत नाही. पावसाळ्यात नाणेघाटला उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते, दगड शेवाळलेले असतात, धुकं असतं. मुलांची ती वेळ नव्हे. कड्यावर आग्यामोहोळ असू शकतं, म्हणून धूर, अत्तर, आरडाओरडा बंद. माकडं असतात, डबे दप्तरातच. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, कारण ऑक्टोबरचं ऊन साधं नसतं. दहानंतरचा चढ ठेवायचाच नाही. आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत असल्याशिवाय निघायचंच नाही. हे सगळं करूनही धोका शून्य होत नाही. पण रात्री तीनला निघून, जागरण झालेल्या चालकाच्या गाडीत शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्या सहलीचा धोका आपण मोजतच नाही, कारण त्याची आपल्याला सवय झाली आहे.

वॉटर पार्कला माझा विरोध नाही. मुलांना पाण्यात खेळू द्या, मलाही आवडतं. पण पटावरच्या निम्म्या मुलांना जी परवडत नाही आणि उरलेल्यांतली काही ज्या महिन्यात गावातच नसतात, तिला 'शाळेची सहल' म्हणायचं का, एवढंच विचारते. 'काही मुलांची सहल' म्हणा, मग चालेल. तुमच्या गावाजवळ नाणेघाट नसेल. जुनी बारव असेल, बाजाराची पाऊलवाट असेल, नदीचा उतार असेल, जिथून आजी माहेरी जायची. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना तर अशा घाटवाटा कितीतरी आहेत, आणि त्यांवरून चाललेली म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना गुडघेदुखी लागायच्या आत एकदा सोबत न्या. तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी मुलं असतील तर तुमचं वेळापत्रक आमच्यापेक्षा वेगळं निघेल. तुम्हीच हजेरी काढून बघा, कोणत्या महिन्यात पट पूर्ण असतो.

सहलीनंतरच्या सोमवारी वर्गात 'आमची सहल' लिहायला दिलं. गाईड बंद. त्या मुलाने नऊ ओळी लिहिल्या. सूर्योदय नाही, सान्निध्य नाही. आजोबांचं तांदळाचं बोचकं होतं, बाईंनी पोरं दोनदा मोजली हे होतं, एका मुलीची तुटलेली चप्पल होती आणि शेवटी टोलचा प्रश्न, उत्तराशिवाय. ऱ्हस्व-दीर्घ सगळे उलटे होते. मी तांबडं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग पेन्सिलने दुरुस्त केलं.

दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला, ठरल्याप्रमाणे. वही माझ्या कपाटात राहिली. जूनमध्ये परत आला, आता पाचवीत आहे. पहिल्या आठवड्यात वही मागून घेतली आणि विचारलं, "बाई, औंदा पण आम्ही जायच्या आधीच काढणार ना?" या शनिवारी सभा आहे. तारीख काढायची आहे.